'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणजे 'अध्ययन अक्षमता'च का?

शेवंती:
एका ब्रिटिश आरोग्यपत्रकाचा अनुवाद करते आहे. 'लर्निंग डिसॅबिलिटी' असलेल्या व्यक्तींच्या वार्षिक तपासणीबद्दल आहे ते. मी 'बौद्धिक अक्षमता' लिहिलं होतं. मसुदा तपासणाऱ्यांनी ते खोडून सगळीकडे 'अध्ययन अक्षमता' केलं, कारण लर्निंग म्हणजे अध्ययन. मला ते अजिबात पटलेलं नाही. मूळ मजकुरात पैसे हाताळणं, वेळेवर औषध घेणं, कुठे दुखतंय ते डॉक्टरांना सांगता येणं, असं सगळं आहे. वाचन-लेखनाचा त्यात विषयच नाही. एका आईचं म्हणणं, 'सरळ मतिमंद लिहा, निदान कळेल तरी.' दुसरी म्हणाली, 'तो शब्द असेल तर मी हे पत्रक कुणाला देणार नाही.' तुम्ही काय लिहाल?

पारवा:
तुम्ही लिहिलेलंच बरोबर आहे. ब्रिटनमध्ये लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे बौद्धिक अक्षमता. डिस्लेक्सियासारख्या (वाचनात अडणं) गोष्टींना ते लोक लर्निंग डिफिकल्टी म्हणतात. अमेरिकेत मात्र लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे डिस्लेक्सिया, डिसकॅल्क्युलिया (गणितात अडणं) वगैरे, आणि आपली 'अध्ययन अक्षमता' त्या अमेरिकी अर्थाने रुळली आहे. हा फरक साधा नाही. अध्ययन अक्षमतेत एकंदर बुद्धी चांगली असते, अडतं ते वाचन, लेखन किंवा गणितापाशी. बौद्धिक अक्षमतेत तर्क करणं, बेत आखणं, अनुभवातून शिकणं, सगळ्याचाच वेग आणि आवाका कमी असतो.

काना_मात्रा:
'बौद्धिक अक्षमता' हा इंग्रजी जोडशब्दाचा शब्दशः उतारा आहे, त्याला मराठी म्हणवत नाही. 'मंद' शब्दात शिवी कुठे आहे? मंद वारा, मंद प्रकाश, मंद सूर. शनीला संस्कृतात 'मंद' म्हणतात, कारण तो सावकाश चालतो. माझी तक्रार वेगळीच आहे. संस्कृतातला समास 'मंदमति', ज्याची मती मंद आहे तो. आपण तो उलटा फिरवून 'मतिमंद' केला. 'मतीने मंद' असा तत्पुरुष मानला तर चालून जाईल, पण मूळ घडण ती नव्हे.

सावली:
काना_मात्रा, माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. तो शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शनी किंवा वारा मनात ठेवून तो कुणीच उच्चारला नाही. शाळेत एखाद्याला गणित आलं नाही की बाकीचे त्याला 'मतिमंद' म्हणायचे, आणि मी त्याच वर्गात बसलेली असायचे. व्युत्पत्ती कितीही निर्मळ असो, शब्द वापराने मळतो.

काना_मात्रा:
तुमचं दुःख मी नाकारत नाही. पण आज 'बौद्धिक अक्षम' म्हणा, दहा वर्षांनी पोरं तेच म्हणून चिडवतील. मग पुन्हा नवा शब्द काढायचा का?

पारवा:
तसंच होत आलंय. या विषयातली जुनी अमेरिकी संघटना 1876 मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात 'इडियॉटिक' आणि 'फीबल-माइंडेड' हे शब्द होते. 1933 मध्ये 'मेंटल डेफिशियन्सी' आलं, 1987 मध्ये 'मेंटल रिटार्डेशन' आणि 2007 मध्ये 'इंटलेक्चुअल अँड डेव्हलपमेंटल डिसॅबिलिटीज'. 'मोरॉन' हा शब्द तर मुद्दाम घडवलेला आहे. हेन्री गॉडर्ड यांनी 1910 मध्ये ग्रीकमधून घेऊन तो शास्त्रीय संज्ञा म्हणून रूढ केला. मानसिक वय, म्हणजे बुद्धी कितव्या वर्षाच्या मुलाएवढी ते, दोनपर्यंत असेल तर इडियट, तीन ते सात इम्बेसाइल, आठ ते बारा मोरॉन. तिन्ही शिव्या झाल्या. तरीही बदलणं फुकट गेलं असं मला वाटत नाही. निदान कागदोपत्री तरी माणसाला हिणवलं जात नाही.

उंबरठा:
विशेष शिक्षिका आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. 'मतिमंद'वर माझा आक्षेप सभ्यतेचा नाही, अपुरेपणाचा आहे. त्या शब्दाने सगळं वजन मतीवर, म्हणजे बुद्ध्यंकावर (आयक्यूवर) जातं. निदानाला तीन गोष्टी लागतात. बौद्धिक कामकाजात ठळक मर्यादा, रोजच्या व्यवहारात ठळक मर्यादा, आणि या दोन्हींची सुरुवात वाढीच्या वयातली. मोठेपणी अपघातात मेंदूला इजा झाली किंवा म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला, तर ते वेगळं.

बुद्ध्यंकाची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप) 15 धरलं, तर दोन विचलनं खाली म्हणजे 70. पण चाचणीत साधारण पाच गुणांची चूक गृहीतच असते. म्हणून 72 आला की 'काही नाही' आणि 68 आला की 'आहे' असं म्हणता येत नाही. 2013 च्या डीएसएम-5 या अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तीव्रतेच्या पायऱ्यासुद्धा बुद्ध्यंकावरून नाही, रोजच्या व्यवहारावरून ठरवतात. त्यात तीन बाजू पाहतात. भाषा, आकडे, वेळ यांची समज ही एक. दुसरी माणसांमधली, म्हणजे मैत्री, समोरच्याचा हेतू ओळखणं, फसवलं न जाणं. तिसरी स्वतःची कामं, प्रवास, पैसे. हे कागदावरच्या चाचणीत दिसत नाही. त्यासाठी घरच्यांशी, शिक्षकांशी बसून बोलावं लागतं.

आणि त्याआधी कान आणि डोळे तपासायलाच हवेत. नीट ऐकूच न येणाऱ्या मुलांना 'मंद' ठरवलेलं मी पाहिलं आहे. परक्या भाषेत घेतलेल्या चाचणीनेही असाच घोळ होतो.

शेवंती:
फार मोलाचं लिहिलंत. यातल्या 'अडॅप्टिव्ह बिहेव्हियर'ला मराठीत काय म्हणता? पत्रकात तेही आहे.

उंबरठा:
अहवालात 'अनुकूली वर्तन' किंवा 'समायोजन वर्तन' लिहितो. पालकांना दोन्ही कळत नाहीत. मी 'रोजची व्यवहारकौशल्यं' म्हणते.

रानजाई:
'निभाव' का नको? निभाव लागणे, निभावून नेणे. त्यात माणूसही आला आणि भोवतालची परिस्थितीही. 'याचा एकट्याने निभाव कितपत लागतो?' असं कुणालाही विचारता येईल.

काना_मात्रा:
वा! हा खरा मराठी शब्द.

सावली:
मला नाही आवडला. निभाव म्हणजे कसंबसं तगणं. माझा भाऊ कसाबसा तगत नाही. तो स्वतःचे कपडे निवडतो, ठरलेली बस पकडतो, आईला औषधाच्या वेळेची आठवण करतो. बस रद्द झाली की मात्र गोंधळतो. हे त्याचं करता येणं आणि अडणं दोन्ही सांगणारा शब्द हवा.

रानजाई:
निभावून नेणे यात कसंबसं कुठून आलं? जबाबदारी निभावली असं आपण कौतुकानेच म्हणतो.

उंबरठा:
दोन्ही छटा आहेत. पण सावली यांनी बस रद्द होण्याचं जे सांगितलं, तेच मूल्यमापनात शोधायचं असतं. सवयीचं काम जमतं, अनपेक्षित घडलं की अडतं. किती आधार लागतो, कुठे लागतो, हे कळलं तरच निदानाचा उपयोग.

पारवा:
'मानसिक वय' हा शब्दही आता टाकून द्यायला हवा, असं मला वाटतं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचण्यांमधून तो आला. तीस वर्षांच्या माणसाला 'मनाने सात वर्षांचा' म्हटलं की लोक त्याच्याशी बोबडं बोलायला लागतात.

सावली:
हजार वेळा सहमत. तीस वर्षांच्या माणसाला तीस वर्षांचे अनुभव, आवडीनिवडी, राग-लोभ असतात. भावाच्या समोरच डॉक्टर मला विचारतात, 'याला काय होतंय?' त्याला विचारा ना. सोप्या वाक्यांत विचारा आणि उत्तरासाठी थांबा.

काना_मात्रा:
हा मुद्दा मान्य. पण 'गतिमंद' तरी ठेवाल की नाही? तो सौम्य आहे.

उंबरठा:
सौम्य आहे म्हणूनच धोक्याचा. त्याला ठरलेली व्याख्या नाही. कुणी तो सौम्य बौद्धिक अक्षमतेला वापरतं, कुणी 70 च्या जरा वर असलेल्या मुलांना, कुणी नुसत्या अभ्यासात मागे पडणाऱ्यांना. तिघांना लागणारी मदत वेगळी.

रानजाई:
मग 'डेव्हलपमेंटल डिले'चं 'विकासातला विलंब' तरी बरोबर का? विलंब म्हणजे गाडी उशिरा का होईना, येणार. माझ्या बहिणीला मुलाबद्दल हेच सांगितलं गेलं आणि ती दोन वर्षं वाट पाहत राहिली.

उंबरठा:
पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये बुद्धिमापन भरवशाचं नसतं, म्हणून तात्पुरतं तसं म्हणतात. काही मुलं खरंच बरोबरीला येतात, काहींचं पुढे बौद्धिक अक्षमतेचं निदान होतं. पण 'विलंब' ऐकून थांबू नये. मान धरणं, बसणं, बोलणं मागे पडतंय असं दिसलं की तपासणी आणि सराव लगेच सुरू करावा. जन्मजात थायरॉइडची कमतरता तर पहिल्या काही आठवड्यांत ओळखून गोळी सुरू केली, तर बुद्धीवरचा परिणाम बहुतांशी टळतो. तिथे वाट पाहणं परवडतच नाही.

काना_मात्रा:
'विकासातलं मागेपण' म्हणा. त्यात पुढे येण्याचं आश्वासन नाही.

रानजाई:
आणि आशाही नाही. पहिल्या भेटीत हा शब्द ऐकलेली आई दुसऱ्या भेटीला येईल का?

उंबरठा:
येते. पुढच्या आठवड्यात घरी नेमकं काय करायचं हे त्याच भेटीत सांगितलं, तर येते.