केमोनंतर वडिलांचे चालणे घरातल्या सर्वांनी मिळून कसे टिकवावे? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही गुहागरला राहतो. माझ्या वडिलांचे, अण्णांचे, वय ६७ आहे. गेल्या वर्षी त्यांचे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले, आजार तिसऱ्या टप्प्यात असल्यामुळे पुढे केमोथेरपीही झाली, आणि ती पूर्ण होऊन आता काही महिने उलटले आहेत. तपासण्या चांगल्या आल्या आहेत. औषधोपचारांविषयीचे प्रश्न आम्ही डॉक्टरांनाच विचारतो. इथे विचारायचे आहे ते घरातल्या माणसांनी काय करावे, याविषयी.

डॉक्टरांनी ‘झेपेल तसे चालणे वाढवा’ असे सांगितले आहे. हे सांगणे किती महत्त्वाचे आहे, ते २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चॅलेंज’ या अभ्यासाविषयी वाचल्यावर मला उमगले. अण्णांसारख्याच, म्हणजे आतड्याच्या कर्करोगाची केमो संपवलेल्या ८८९ रुग्णांपैकी एका गटाला आरोग्यविषयक माहितीपुस्तिका दिल्या गेल्या, तर दुसऱ्या गटाला त्यांच्या जोडीने तीन वर्षे व्यायामासाठी मार्गदर्शक मिळाला. पाच वर्षांनंतर आजारमुक्त असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ७४ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ८० टक्के होते. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालण्याइतकी भर दैनंदिन हालचालीत घालावी, असे साधारण उद्दिष्ट होते. मला यात विशेष वाटते ते हे, की पुस्तिका दोन्ही गटांकडे होत्या. पाठीशी सातत्याने माणूस मात्र एकाच गटाच्या होता. आमच्याकडे असा प्रशिक्षित मार्गदर्शक नाही, त्यामुळे ते काम घरच्यांनीच वाटून घ्यायचे आहे.

पहिली अडचण पायांची आहे. केमोतल्या ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधामुळे अण्णांचे तळवे बधिर झाले आहेत, आणि हा बधिरपणा औषध थांबल्यावरही काही काळ वाढू शकतो, हे आम्हाला सांगण्यात आले होते. परवा आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीतून परतताना त्यांच्या डाव्या पायातली चप्पल पोफळींमध्येच राहिली आणि ते तसेच पडवीपर्यंत चालत आले. आईने पाय पाहिला तेव्हा तळव्यात काटा मोडलेला होता आणि त्यांना त्याची जाणीवही नव्हती. समुद्रावर ओल्या, घट्ट वाळूत चालणे त्यांना सर्वांत सोपे जाते, पण तिथे शिंपल्यांची आणि काचांची भीती आहे. शिवाय ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास संध्याकाळी ऐसपैस किनारा मिळतो, तर अष्टमीच्या आसपास त्याच वेळी भरती असते आणि वरच्या भुसभुशीत वाळूत त्यांचा तोल जातो. बधिर पायांसाठी मागून बंद असलेली, वाळूत चालणारी कोणती पादत्राणे आपण वापरली आहेत का?

दुसरी अडचण सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण ती मायेपोटीच निर्माण झाली आहे. आई त्यांच्या हातातली कोयती काढून घेते. आत्या म्हणते, ‘एवढ्या दुखण्यातून उठलाय, आता बसू दे त्याला.’ उलट मुंबईचा माझा भाऊ रोज फोनवर पावले विचारतो. आकडा कमी निघाला की अण्णा दुसऱ्या दिवशी ईर्षेने जास्त चालतात आणि मग पुढचे दोन दिवस अंथरुणाला टेकून राहतात. केमोनंतरचा हा थकवा नुसत्या विश्रांतीने जात नाही, उलट बेताच्या, नियमित व्यायामाने तो कमी होतो, हे आईला आणि आत्याला पटेल अशा शब्दांत आपण आपल्या घरी कसे मांडले? आणि दूर राहणाऱ्या भावाला पावले मोजण्याऐवजी कोणते काम सोपवावे, की ज्यामुळे त्यालाही आपण वडिलांसाठी काही करत आहोत असे वाटेल?

माझे स्वतःचे मत असे आहे, की वाडीचे काम त्यांच्यापासून पूर्णपणे तोडू नये. पडलेल्या सुपाऱ्या वेचणे, पाइपने शिंपणे ही कामे ते आनंदाने करतात, आणि त्या वेळी त्यांच्या बोलण्यात आजाराचा विषयही निघत नाही. नारळांची पोती उचलणे मात्र टाक्यांच्या जागी हर्निया होऊ नये म्हणून डॉक्टरांनी सध्या बंद ठेवले आहे. पोटाच्या ऑपरेशननंतर आपल्या घरातील कोणी शेती-बागायतीकडे परतले असेल, तर कोणते काम आधी सुरू केले आणि वजन उचलण्याविषयी फिजिओथेरपिस्टने काय सांगितले, ते कृपया लिहावे.

पावसाळ्यात आमच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, शेवाळ धरते, त्यामुळे ते चार महिने त्यांना बाहेर पाठवता येणार नाही. पडवी लांब आहे, तिथे चालणे आणि खुर्चीवरून उठ-बस करणे एवढेच मला सुचले आहे. तोल सुधारण्यासाठी भिंतीच्या आधाराने करायचे व्यायाम कोणाला शिकवले गेले असतील, तर त्यांविषयी आधी लिहावे, म्हणजे पाऊस सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून अण्णांना त्यांची सवय लावता येईल.