पेपरवाल्यांच्या जिल्हा संघटनेत मेंबर होऊन फायदा काय?

साप्ताहिकवाला: तालुक्याचं चार पानी साप्ताहिक चालवतो, ८०० अंक. संघटनेवाले वर्गणीसाठी मागे लागलेत. काही उपयोग होतो का नुसता शाल-नारळ?

जुनाखिळा: शाल-नारळ असतोच हो 😀 पण सरकारी जाहिरातीचं बिल अडकलं की एकटा संपादक "ग्रँट आली नाही" ऐकून परत येतो, तेच पंधरा जण गेलो तेव्हा निदान फाईल कुठल्या टेबलावर पडलीय ते तरी कळलं.

कोल्हापुरी_मिसळ: वरच्या लेव्हलला आयएनएस बघा, म्हणजे इंडियन न्यूजपेपर सोसायटी, पेपरवाल्यांची देशपातळीवरची संघटना, १९३९ पासून आहे. जाहिरात एजन्सीला मान्यता तेच देतात, पैसे थकवले तर मान्यता जाऊ शकते, म्हणून एजन्सी जरा दबकून असते. २०१९ च्या बजेटमध्ये न्यूजप्रिंटवर १० टक्के कस्टम ड्यूटी लागली तेव्हा पण त्यांनीच ओरड केली, पुढच्या वर्षी ५ वर आली.

साप्ताहिकवाला: आम्ही कागद रद्दीवाल्याच्या शेजारच्या दुकानातून रीमने घेतो, आम्हाला कसली ड्यूटी 😅

जुनाखिळा: मग राहू दे. पण २०२४ पासून नोंदणीचं सगळं नव्या कायद्याने ऑनलाईन झालंय, वार्षिक विवरण भरताना अडलात तर आमचा ग्रुपच कामी येतो. पहिल्या वर्षी अर्धी वर्गणी द्या, बोलतो मी अध्यक्षांशी.