राय व्हिस्कीची सॅम्पलं लेबल झाकूनच द्यावीत

तिसरा_घोट
आधी खुलासा: राय म्हणजे मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य. (घरी दर वेळी विचारतात.) आम्ही चौघं लहान डिस्टिलऱ्यांच्या राय व्हिस्कीची ३०-३० मिली सॅम्पलं एकमेकांना देतो. गेल्या खेपेला बाटल्यांवर फक्त आकडे घातले. २ आणि ५ या दोन्हींत नाक घातलं की आधी शेपू, मग पुदिना, शेवटी जिभेवर मिरी. गुणही सारखेच दिले. नंतर लेबलं पाहिली. एकीवर आजोबांच्या शेताची गोष्ट, दुसरीवर हाताने रंगवलेला कोल्हा, आणि मागे बारीक अक्षरांत दोन्हींवर ‘इंडियानात गाळलेली’! अमेरिकेतल्या या राज्यात लॉरेन्सबर्गच्या भल्यामोठ्या कारखान्यात ९५ टक्के राय आणि ५ टक्के माल्टेड (मोड आणून वाळवलेल्या) बार्लीची व्हिस्की बनते. कित्येक ब्रँड तीच विकत घेऊन आपल्या बाटलीत भरतात. यात बेकायदा काही नाही. पण लेबल समोर असतं तर ‘शेतवालीत शेताचा वास येतोय’ असं मी पैजेवर सांगितलं असतं.

पिंपवाला
साफ असहमत. लेबल झाकणं मोठ्या कारखान्यांच्याच पथ्यावर पडतं. नवी डिस्टिलरी बऱ्याचदा वीस-चाळीस लिटरच्या पिंपात माल घालते. नेहमीचं पिंप साधारण २०० लिटरचं. लहान पिंपात दारूच्या मानाने लाकूड जास्त लागतं, म्हणून रंग आणि व्हॅनिला लवकर उतरतात. पण मुरायला लागणारा वेळ त्याने वाचत नाही, कच्च्या धान्याचा वास मागे राहतोच. अशी दोन वर्षांची पोर सहा वर्षांच्या शेजारी नुसता आकडा चिकटवून बसवलीत तर ती हरणारच. आणि रायचा मॅश (दळलेलं धान्य गरम पाण्यात कालवून केलेली लापशी) एकदा सांभाळून बघा! डिंकासारखा चिकट, वर फेस असा चढतो की टाकीबाहेर येतो. हे माहीत असलेल्याला चव वेगळी लागते, आणि लागावी.

तिसरा_घोट
कष्टाचे गुण वेगळे द्या की. चवीत कशाला मिसळता?

अर्धी_बाटली
तुम्ही लेबलावरून भांडताय, माझा आक्षेप सॅम्पलच्या बाटलीवरच आहे. मागे एक आली: झाकण सैल, मानेशी वाळलेली तपकिरी कडा, बोटभर दारू उडालेली. चव ओल्या पुठ्ठ्याची. मी बेधडक तसं कळवलं. मग कळलं, देणाऱ्याची मूळ बाटली तळाला जाऊन आठ महिने झाले होते. आता दोष डिस्टिलरीचा? काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा, आत शंकूसारखं अस्तर असलेलं झाकण घट्ट लावा आणि मूळ बाटली कधी उघडली ती तारीख लिहा. नाव लिहा नाहीतर नका लिहू.

खडूस
तारखेला +१. ताकदही, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, लिहाच. ४६ आणि ५८ टक्के शेजारी ठेवल्या की जी जास्त जाळते तिला लोक ‘मसालेदार’ म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा फक्त बॉटल्ड-इन-बॉण्ड राय घ्या. १८९७ च्या अमेरिकी कायद्यातला प्रकार: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान ४ वर्षं मुरलेली, बरोबर ५० टक्के. मग झाका लेबलं खुशाल.

पिंपवाला
म्हणजे नव्यांना दारातच अडवलंत. ४ वर्षं विक्रीविना पिंपं सांभाळायला पैसा कुठून आणायचा त्यांनी? आणि एक सांगा, ज्याने आपल्या शेवटच्या ६० मिलीतले ३० तुम्हाला दिले, त्याला आकड्याच्या आडून ‘पुठ्ठा’ म्हणून कळवणार?

तिसरा_घोट
कळवणार. नाहीतर माझ्या भरवशावर तो दुसरी बाटली घेऊन बसेल. बरं, ताकद आणि तारीख लिहायचं मान्य, @अर्धी_बाटली यांचा मुद्दा बिनतोड आहे. वय मात्र लिहिणार नाही. ‘सहा वर्षं’ वाचलं की जिभेआधी मान डोलते, माझीसुद्धा.

पिंपवाला
मग मला द्या. वय मी चाखून सांगतो.

तिसरा_घोट
७ नंबर भरून ठेवली आहे. ५० टक्के, गेल्या रविवारी उघडलेली. उत्तर इथेच लिहा, सगळ्यांसमोर.