नान्नजकडचा ओढा आणि काठचा माळ कायमचा राखायचा कसा?

माळकरी_उत्तरसोलापूर
नमस्कार मंडळी. नान्नजच्या बाजूला ओढ्याच्या दोन्ही काठांना मिळून ११ एकर माळ आहे. चार भावांचा सामाईक सातबारा. काळवीट, खोकड कायम दिसतात, लांडग्याचं बीळही आहे. प्लॉटिंगवाले खेटे घालतायत. विकायचं नाही, पण पुढेही माळ माळच राहील असं कागदावर कसं आणायचं? काठाने झाडं लावावीत का? कुंपण?

गटनंबर
आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दी कायम करा. ओढ्याचं पात्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सरकारचं, तुमचे फक्त काठ.

कायमच्या बंधनासाठी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधलं कलम ३६ सी, म्हणजे समुदाय राखीव क्षेत्र. मालकाने स्वतःहून जमीन पुढे करायची, मालकी त्याचीच राहते. व्यवस्थापन समितीत जमीनमालक, ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी आणि वनखात्याचा माणूस. एकदा जाहीर झालं की समितीचा ठराव आणि शासनाची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलत नाही, म्हणून चौघांची लेखी संमती अगोदर घ्या. मात्र गट अभयारण्यात असेल तर हे कलम लागूच होत नाही. माळढोक अभयारण्य १९७९ चं. साडेआठ हजार चौ. किमी.वरून ते सुमारे सव्वाबाराशेवर आणलं, त्यामुळे शेजारशेजारचे गट एक आत, एक बाहेर असू शकतात. वनखात्याकडून गटनिहाय लेखी घ्या.

कुसळी
बिळाची जागा इथे किंवा कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, फोटोसुद्धा नको. माणसांची वर्दळ झाली की मादी पिल्लं हलवते.

झाडं माळावर अजिबात नकोत. ५००-६०० मिमी पावसाचं हे गवताचं रान. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावली की काळविटाची नजर अडते, धाविक-चंडोल या माळावरच्या पक्ष्यांची जागा जाते. काठावर करंज, निर्गुडी, शिंदी आपसूक आहेत तेवढी पुरेत. खरी अडचण वेड्या बाभळीची. नुसती तोडली तर बुंध्यापाशी दहा फुटवे येतात. पावसाळ्यात माती ओली असताना फूटभर खोल खणून मुळाच्या गड्ड्यासकट काढा आणि त्या खड्ड्यात मारवेलचं बी टाका. शेंगा खाल्लेल्या शेळ्यांच्या लेंड्यांतून ती पुन्हा उगवते, म्हणून पुढचे दोन-तीन पावसाळे रोपं हाताने उपटावी लागतात. गवत कापायचं ते बी झडल्यावर, दिवाळीनंतर, आणि ओढ्यालगतचा पट्टा तसाच ठेवून.

दरड
ओढ्याच्या खोलीकरणाचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत लेखी हरकत घ्या. जेसीबी एप्रिल-मेमध्ये येतो, नेमका त्याच वेळी वेडा राघू दरडीत घरटं करून असतो. दोन बोटं मावतील एवढं भोक, खाली ताज्या मातीचा ढिगारा. ते दिसलं की आत घरटं आहे असंच धरा. शिवाय उभ्या कापलेल्या काळ्या मातीची दरड पहिल्याच मोठ्या पावसात ढासळते आणि तुमचीच जमीन वाहून जाते.

कुंपण शक्यतो नको. ढोरांसाठी घालावंच लागलं तर तीन तारा, खालची बिनकाट्याची आणि दीड फुटावर. काळवीट उडी मारण्यापेक्षा खालून निसटतं. जाळीत ते अडकतं.

माळकरी_उत्तरसोलापूर
समुदाय राखीव होईपर्यंत एखाद्या संस्थेला भाडेपट्ट्याने दिली तर?

गटनंबर
चालेल, पण संस्था शेतकरी नसेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी बघा. वर्षाच्या वरचा पट्टा असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि सातबाऱ्यावरच्या इतर हक्कात नोंद घ्या. पट्ट्यात कसण्याचा हक्क देऊ नका, कुळाचा दावा उभा राहू शकतो. फक्त राखण आणि गवत एवढंच लिहा. शेतकरी नसलेल्या संस्थेच्या नावे भाडेपट्टा, विक्री किंवा बक्षीसपत्र, काहीही करायचं म्हटलं तरी कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.