मदत हवी आहे: लेकीला १० मीटर एअर पिस्तूल शिकायचंय

नमस्कार मंडळी. राही सरनोबतचं २०१८ च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण पाहिल्यापासून आठवीतल्या लेकीने नेमबाजीचा ध्यासच घेतलाय. आम्ही पुण्यात, बालेवाडीची रेंज जवळ आहे.

अडचण अशी, की क्लबच्या पिस्तुलाची लाकडी ग्रिप (मूठ) तिच्या तळव्याला मोठी पडते. पाच-सहा शॉटनंतर हात थरथरतो, पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) खाली घसरते आणि ती घाईने ट्रिगर ओढते. स्पर्धेत तर ७५ मिनिटांत ६० शॉट, तेही एका हाताने!

आधी ड्राय फायरिंग (छर्रा न भरता सराव) आणि खांद्याचे व्यायाम, की लहान ग्रिपचं स्वतःचं पिस्तूल लगेच घ्यावं? मॉरिनी किंवा स्टायर कंपनीचं पिस्तूल सेकंडहँड घेतलं, तर त्याच्या हवेच्या सिलिंडरच्या १० वर्षांच्या मुदतीशिवाय काय तपासायचं? ज्यांची मुलं खेळतात त्यांनी कृपया सविस्तर सांगा.