मदत हवी आहे : बेन्झच्या तीनचाकीचं आडवं फ्लायव्हील
नमस्कार मंडळी. कार्ल बेन्झच्या तीनचाकी मोटारगाडीचं (पेटंट अर्ज २९ जानेवारी १८८६) चालतं मॉडेल करायला घेतलंय. चारचाकीचं स्टिअरिंग मनासारखं जमेना म्हणून त्याने पुढे एकच चाक ठेवलं, इथपर्यंत ठीक. गाडी अडलीय ती मागच्या आडव्या फ्लायव्हीलपाशी (म्हणजे इंजिनाची गती एकसारखी ठेवणारं जड चाक; इथे ते जमिनीला समांतर फिरतं). उभं बसवलं तर जायरोस्कोपिक परिणामामुळे (फिरतं चाक आपला आस वळवायला विरोध करतं, त्यामुळे) वळताना त्रास होईल, अशी त्याला भीती होती म्हणे. पण इंजिन जेमतेम पाऊण हॉर्सपॉवरचं, फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास, वेग ताशी १६ किमी! एवढ्यात असं काय जाणवणार? शिवाय आडव्या चाकापायी बेव्हल गिअरची (फिरणं काटकोनात वळवणाऱ्या शंकूच्या आकाराच्या दातेरी चाकांची) कटकट आलीच. कुणी याचा हिशेब मांडून पाहिलाय का? लहान मॉडेलमध्ये सरळ उभं बसवलं तर चालेल?