गुरुजी, बाई, तुम्ही कसे झालात? (अनुभव लिहा)

पाटीवरची_बाई
चोवीस वर्षं नोकरी झाली आणि मागच्या महिन्यात मी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) फॉर्म भरला. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर स्टाफरूममध्ये दुसरा विषयच नाही. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त बाकी असतील त्यांनी दोन वर्षांत पास व्हायचं. माझी अजून अकरा आहेत.

तर डी.एड.चं गुणपत्रक शोधायला माळ्यावरची ट्रंक खाली काढली. गुणपत्रक सगळ्यात शेवटी मिळालं, त्याआधी हाताला लागली पाठ टाचणाची, म्हणजे तास कसा घ्यायचा ते आधी लिहून काढायची वही. 1997 ची. इयत्ता तिसरी, गणित, हातच्याची वजाबाकी. माझा पहिला सराव पाठ. वय एकोणीस, साडी आयुष्यात तिसऱ्यांदा नेसलेली, निऱ्यांना सहा पिना. लपेटफळा खिळ्याला अडकवला, खाली ओढला, वळून मुलांना म्हटलं 'आज आपण...' आणि मागे सर्रकन आवाज. फळा गुंडाळून परत वर! तीनदा झालं हे. चौथ्यांदा पहिल्या बाकावरचा एक मुलगा न सांगता उठला आणि तास संपेपर्यंत फळ्याचं खालचं टोक धरून उभा राहिला. मॅडमनी लाल पेनाने शेरा दिला, 'वर्ग छान हसत होता. हेतुकथन झालेच नाही.' (म्हणजे आज काय शिकायचं ते मुलांना सांगणं.)

बारावीला 81 टक्के होते. वडील म्हणाले, डी.एड.ला नंबर लागतोय तर दुसरं काही डोक्यात आणू नकोस. नाही आणलं. 2001 ला शिक्षणसेविका म्हणून लागले, तीन वर्षं महिना 3000 वर. तुम्ही कुठल्या वाटेने आलात? लिहा, वाचायला आवडेल. अभ्यास टाळायला कारण हवंच आहे.

चुन्याची_डबी
लपेटफळा!!! आमच्या हॉस्टेलला सात जणींत एकच होता. ज्या दिवशी माझा पाठ, त्याच दिवशी दुसऱ्या शाळेत मैत्रिणीचा. मग ती आधीच्या रात्री माझं फलक लेखन पुसून तिचं काढून बसलेली. सकाळी मी इतिहासाचा पाठ घ्यायला गेले आणि फळा उघडला तर फुलाचे भाग. कुकर लावलाय, नंतर लिहिते

भर_उन्हात
ताई, तुमच्या काळात नंबर लागला की नोकरी. आमचं ऐका. डी.एड. 2010 ते 12. बाहेर पडलो आणि त्याच वर्षी भरती बंद. गावात आमच्या बॅचचे अकरा जण, सगळे रिकामे, संध्याकाळी पारावर. लोक म्हणायचे, मास्तरांची शाळा भरली बघा.

पहिली टीईटी 15 डिसेंबर 2013 ला. 150 पैकी 90 लागतात, मला 88. दोन मार्क! ते दोन प्रश्न अजून पाठ आहेत, दोन्ही बालमानसशास्त्राचे. पुढच्या वर्षी पास झालो. मग भरतीच नाही. मेडिकल दुकानात बसलो, डॉक्टरांचं अक्षर वाचायला शिकलो (याचा पुढे चौथीच्या वह्या तपासताना फार उपयोग झाला). डिसेंबर 2017 ला शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, 200 प्रश्न दोन तासांत. यादी लागली ऑगस्ट 2019 ला. मधल्या काळात लग्न झालं, मुलगी झाली. सासऱ्यांना सांगितलेलं, 'दोन महिन्यांत ऑर्डर येतेय.' ते दोन महिने वीस महिने चालले. सासरे भला माणूस, एकदाही विचारलं नाही. आता स्वतःहून सांगतात, जावई झेडपीत आहेत म्हणून.

चुन्याची_डबी
सासरे 👌 भाताने वाट लावली, करपला

उंबरठा_१२
भर_उन्हात, तेव्हा टीईटीच्या प्रमाणपत्राला सात वर्षांचीच मुदत होती ना? 2021 मध्ये आजन्म केली. मेडिकलमध्ये बसून स्वतःच्याच कागदाची एक्स्पायरी डेट बघत होतात म्हणजे.

भर_उन्हात
अगदी! नवऱ्या मुलाचं वय निघून जातं म्हणतात, तसं माझं प्रमाणपत्र निघून चाललेलं.

मेथड_गणित
मी बी.एड.वाला. 2008 ची बॅच, तेव्हा एकाच वर्षाचं होतं (2015 पासून दोन वर्षांचं झालं). एम.एस्सी. करून गेलेलो, त्यामुळे माज होता. सूक्ष्म अध्यापनाने उतरवला. बाहेरच्यांसाठी सांगतो, खरी मुलं नसतात. आपलेच वर्गमित्र पाचवीची मुलं होऊन बसतात, सहा मिनिटांत एकच कौशल्य दाखवायचं. माझं होतं प्रबलन कौशल्य, म्हणजे उत्तर आलं की शाबासकी. समोर बसलेला 'विद्यार्थी' माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, दोन मुलांचा बाप. मी म्हटलं, 'शाब्बास बाळ!' तो उठून म्हणाला, 'बाई, शू लागली.' मी बाई नव्हतो. निरीक्षक सर खिडकीकडे तोंड करून हसत होते.

नोकरीचं मात्र हसण्यासारखं नाही. एका संस्थेत मुलाखत फार छान झाली. शेवटी चहा आला आणि चहाबरोबर आकडाही. वडिलांनी शेताकडे बघितलं, मी म्हटलं नको. मग विनाअनुदानित शाळेत सहा वर्षं, पगार कधी महिन्याला कधी तिमाहीला, सही मात्र दर महिन्याला. आज क्लासेस घेतो. बरं चाललंय. पण हजेरीचं मस्टर बघितलं की अजून पोटात तुटतं.

रानवाटा
चहाबरोबर आकडा.. आमच्या घरात तीन जणांना आला तो चहा.

टकळी
माझे वडील 1962 चे पी.टी.सी. (प्राथमिक शिक्षकाचं प्रमाणपत्र). व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे सातवी पास होऊन आधी मास्तर झाले, ट्रेनिंगला नंतर पाठवलं. ट्रेनिंग कॉलेजात सूतकताईलाही मार्क असायचे. वडिलांचं सूत सारखं तुटायचं. गणितात पहिले आणि सुतात नापास होता होता वाचले, मित्राने आपली सुताची गुंडी दिली म्हणून. 'माझी नोकरी उसन्या सुतावर उभी आहे' असं म्हणायचे. सूत कातायची ती टकळी अजून आहे आमच्याकडे. नात तिचा भोवरा करून खेळते.

शेवटचा_बाक
विषयांतर होतंय पण विचारतो, हल्ली रंगीत खडू इतके भुसभुशीत का येतात? पिवळा तर हातातच मोडतो.

मेथड_गणित
पांढऱ्याचीही तीच गत आहे. ओलसर जागी ठेवू नका एवढंच सांगू शकतो.

नक्षत्र_आई
मुलगी यंदा बारावी. तिला शिक्षिकाच व्हायचंय, मी नको म्हणते. डी.एड. करू की बी.एड.? की ते चार वर्षांचं नवीन?

उंबरठा_१२
पहिली ते पाचवीला शिकवायचं तर डी.एल.एड. (जुनं डी.एड.च), बारावीनंतर दोन वर्षं. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. चार वर्षांचं एकात्मिक 2023-24 पासून सुरू झालंय, बारावीनंतर थेट, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते. बी.एड. करून 'पहिलीलाही चालेल' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. माझी बहीण तशीच फसली. 2018 च्या अधिसूचनेत चालत होतं, म्हणून तिने टीईटीचा पेपर एक (पहिली ते पाचवीचा) दिला, पास झाली, पेढे वाटले. ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, प्राथमिकला बी.एड. चालणार नाही. पेपर दोन (सहावी ते आठवीचा) तिने दिलाच नव्हता. सध्या त्याचीच तयारी करतेय, बाळाला मांडीवर घेऊन.

आणि ताई, नको म्हणू नका हो तिला. निदान एकदा पहिलीच्या वर्गात दिवसभर बसवून आणा, मग तिचं तीच ठरवेल.

नक्षत्र_आई
धन्यवाद. बसवते. (पळून आली तर बरंच)

धानाचा_बांध
मी भंडाऱ्याचा. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरताना बहिणीचा नवरा म्हणे, सगळे जिल्हे टाक, काहून घाबरतं? टाकले. लागलो नंदुरबारला! नकाशात बघतलं तं महाराष्ट्राचं एक टोक आमचं आन दुसरं थे.

अक्राणीतल्या पाड्यावर शाळा. पहिल्या दिवशी मी बोलतो ते पोरांना समजेना, पोरं बोलतात ते मला समजेना. मराठी पाठ्यपुस्तक, पोरं पावरी बोलणारी, गुरुजी झाडीबोलीवाला. दोन वर्षांच्या पदविकेत याच्यावर एक तास नव्हता बाप्पा. चौथीतली एक पोरगी माझी दुभाषी झाली. ती माझं वाक्य ऐकायची, थोडा विचार करायची, मग सांगायची आन सगळे हसायचे. काय सांगायची ते सहा महिन्यांनी कळलं, जेव्हा माझे मलाच शब्द यायला लागले. मी म्हणायचो 'शांत बसा', ती म्हणायची 'गुरुजींना पुन्हा राग येऊन राहिला, पण मारत नाहीत.'

बदलीचा अर्ज दोनदा भरला, दोनदा खोडला. आई फोनवर रडते. बघू.

पाटीवरची_बाई
धानाचा_बांध, तुमचं वाचून डोळे भरले आणि हसूही आलं.

बाकीच्यांनो, माफ करा, उत्तरं द्यायला उशीर झाला. शनिवारची सकाळची शाळा, मग मतदार यादीचं काम. 23 नोव्हेंबरला पेपर एक. गणित आणि परिसर अभ्यासाचं भय नाही, रोज तेच शिकवते. बालमानसशास्त्राचे 30 मार्क आहेत, तिथे पियाजे नि वायगोट्स्की हे मानसशास्त्रज्ञ परत भेटलेत. 1997 ला भेटले होते तेव्हाही पटलं नव्हतं आमचं. लेक पाठांतर घेते. काल म्हणाली, 'आई, उत्तर माहीत आहे तर इतकं का बोलतेस? पर्याय निवड फक्त.'

भर_उन्हात
ताई, 83 च्या (राखीव प्रवर्गाच्या पासिंगच्या) पुढे गेलात तरी थांबू नका, 90 धरून चाला. आणि प्रवेशपत्राच्या दोन प्रती काढून ठेवा.

चुन्याची_डबी
आणि साडीला सहा पिना 😄

पाटीवरची_बाई
सलवार कमीज घालणार आहे यावेळी.

शेवटचा_बाक
खडूचं कोणी सांगितलंच नाही.